फिल्टरला कुंकू, मला काळं तेल

मी एक जुनी परात आहे. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. माझ्या एका बाजूची कड वाकली आहे आणि मला कितीही घासलं तरी मी आता काळीच राहते. मित्रांनो, लालबागच्या एका चाळीत, जिन्याखाली माझा मुक्काम असतो.

अशा गोष्टीत आधी जन्म सांगतात. माझा जन्म पत्र्यातून झाला, पत्रा ठोकून मला खोलगट केलं. झालं.

उमेदीची वर्षं लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात गेली. रोज सकाळी त्या माझ्यात तांदळाचं पीठ मळायच्या. गरम पाण्याचा चटका, मग पिठाचा मऊ गोळा, मग त्यांच्या तळव्याचा दाब. मी खूप सुखी होते.

मग एका दिवाळीला घरात स्टीलची परात आली. तिच्यात तोंड दिसायचं. मला तिचा हेवा वाटला नाही.

खोटं. इतका वाटला, की तिच्यात मळलेली भाकरी एकदा तरी तव्यावर फाटावी, असं मनात यायचं. फाटली नाही.

लक्ष्मीबाईंचे यजमान दौलतराव पूर्वी गिरणीत फिटर होते. त्यांनी मला भंगारात जाऊ दिलं नाही, खाली चाळीच्या चौकात नेलं. चौकात त्यांची जुनी गाडी उभी असते. गाडीच्या इंजिनातलं ऑइल वर्षातून एकदा बदलावं लागतं, आणि दौलतराव ते घरीच बदलतात. खालचा बोल्ट सोडला की काळं, कोमट ऑइल धारेने पडतं. ते मी झेलते. चौकातल्या फरशीवर थेंबही पडू देत नाही. हीच माझी नोकरी.

या नोकरीला यंदा फार महत्त्व आलं. चाळीचे सेक्रेटरी शामराव यांनी दौलतरावांना बजावलं होतं, "याच फरशीवर आपला बाप्पा बसतो, दौलतराव. एक थेंब जरी पडला ना, तर गाडी चौकाबाहेर. मग मला वाईट म्हणू नका."

बाहेर गाडी लावायला जागा कुठे आहे? चौक गेला की गाडी विकायची, असं घरात ठरून गेलं होतं. आणि ती विकली गेली असती तर परातीचं काम उरलं नसतं. म्हणजे माझाही जीव त्या थेंबावर टांगलेला.

तो रविवार उजाडला. दौलतरावांचा हात हल्ली कापतो, म्हणून या वेळी त्यांची मुलगी अपेक्षा काम करणार होती. पुढची चाकं फळ्यांवर चढवली होती. ती पाना घेऊन खाली सरकली.

"बाबा, कुठल्या बाजूला फिरवू?"

"अगो, डावीकडे! एवढी शिकलीस ती कशाक?"

"इंजिनाखाली डोकं घालायला नाही शिकले ना!"

धार सुरू झाली. साडेतीन लिटर मी एकटीने झेललं. कोणी मला शाबासकी दिली नाही. नळाखालच्या बादलीला तरी कोण देतं?

बोल्ट परत बसवून अपेक्षाने जुना फिल्टर काढला. ऑइल गाळणारा तो डबा सुटला आणि थेट माझ्या मांडीत पडला. त्याच्या तोंडाशी एक रबरी रिंग असते. ती नव्हती.

मी वर पाहिलं. रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती.

एरवी दौलतराव जुना फिल्टर हातात घेऊन रिंग आहे का ते बघतात. या वेळी ते शामरावांशी फरशीवरून वाद घालत होते. आणि मी? मी अपेक्षाच्या हातातला नवा फिल्टर बघत होते.

तो खोक्यातून निघाला तो नवऱ्या मुलासारखा. लक्ष्मीबाई पूजेचं ताट घेऊन खाली आल्या होत्या. त्यांनी त्याला कुंकवाचं बोट लावलं. ज्या बोटांनी त्या माझ्यात पीठ मळत, त्याच बोटांनी! मग अपेक्षाने त्याच्या रिंगेवर नव्या ऑइलचं बोट फिरवलं, हळूच, बाळाच्या ओठाला मध लावावा तसं.

माझ्या अंगात इतका जळफळाट झाला, की मनात म्हटलं, बसव त्याला रिंगेवर रिंग. बसव. गळू दे त्याचं कौतुक.

तिने बसवला. वरून मधाच्या रंगाचं ऑइल ओतलं. आता इंजिन सुरू करून बघायचं होतं.

दौलतराव म्हणाले, "परात हलवू नको हां. इंजिन चालू होऊन बंद होईपर्यंत परात जाग्यावर."

"अहो, नारळ फोडायचा आहे!" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "असल्या काळ्या तेलासमोर फोडू? अपेक्षा, काढ ती घाण बाजूला."

घाण.

अपेक्षाने मला भिंतीकडे ओढलं. नारळ फुटला. दौलतराव खाली न बघताच आत बसले आणि त्यांनी चावी फिरवली.

"बाबा, बंद करा! गळतंय!"

दोन रिंगांमधून ऑइलची धार निघाली होती. अपेक्षा पाठीवर झोपली आणि सरळ त्या धारेखाली गेली. ओंजळ भरली, मग तिने ते पोटावर घेतलं. शर्ट काळा-पिवळा झाला. माझी जागा होती ती! तिला मात्र कोणी घाण म्हटलं नाही.

इंजिन बंद झालं तरी गळती थांबेना. दौलतराव धावत माझ्याकडे आले. त्यांनी माझी वाकलेली कड धरली. त्यांचा हात थरथरत होता आणि मी निम्म्याहून जास्त भरलेली. मी जरा डुलले असते तरी पुरे होतं. फरशी काळी झाली असती, गाडी गेली असती, तो कुंकवाचा फिल्टरही गेला असता.

तेवढ्यात दुसरी कड शामरावांनी पकडली.

"तुम्ही सोडा, शामराव."

"सोडू? सांडलं तर माझीच फरशी! हळू. माझ्या पावलाबरोबर चला."

दोघे म्हातारे खेकड्यासारखे आडवे चालत मला इंजिनाखाली घेऊन आले. मी डुलले नाही. चांगुलपणाने डुलले नाही, असं तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. पण शामरावांचा हात घट्ट होता, एवढंच खरं आहे.

अपेक्षा बाहेर आली. शामरावांनी चष्मा पुसला, गुडघ्यावर बसून सगळी फरशी न्याहाळली, मग तिच्या शर्टाकडे पाहिलं.

"फरशी कोरडी आहे," ते म्हणाले. "माणसावर पडलेलं मी मोजत नाही. गाडी राहू दे."

लक्ष्मीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. अपेक्षाने अडकलेली रिंग नखाने सोडवली, तोच फिल्टर पुन्हा बसवला आणि या वेळी मला कोणी हलवलं नाही. काळं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे गेलं. मला वर्तमानपत्राने पुसून जिन्याखाली ठेवलं.

मित्रांनो, त्या फिल्टरचा मला अजून राग येतो. माझा जळफळाट कोणाला ऐकू गेला नाही, पण मी तिथे त्या मुलीचं वाईट चिंतलं होतं आणि तिने ते अंगावर झेललं. हे मला विसरता येत नाही.

तुम्ही नव्या वस्तूला जरूर कुंकू लावा. जुनी निघाली की आधी ती हातात घेऊन नीट बघा, तिचं काही मागे राहिलं नाही ना. आणि खाली ठेवलेली परात, ती दिसायला कितीही काळी असो, काम पुरतं संपेपर्यंत जागेवरून हलवू नका.