जमा आधी, मग डिझेल

दुपारपासून माझ्या नातीचं आणि कॉम्प्युटरचं चाललं होतं. ती फाइल पाठवायची, तो परत फेकायचा. यशश्री घरूनच लोकांचे हिशोब करून देते. आतापर्यंत दुसऱ्यांच्या हाताखाली केले, हे पहिलंच काम तिचं स्वतःचं. आमच्या गावातल्या पडाव भागात पांडुरंगरावाचं ट्रान्सपोर्ट आहे. त्याचे ड्रायव्हर डिझेल, टोल, पंक्चर, सगळा खर्च मोबाइलवर चढवतात. यशश्रीने तो महिन्याचा खर्च एका फाइलीत काढायचा आणि हिशोबाच्या सॉफ्टवेअरने तो गिळायचा, एवढंच काम. आज संध्याकाळपर्यंत गिळला नाही तर काम झाशीच्या कुणाला देईन, असं पांडुरंगराव साफ सांगून बसला होता.

आणि सॉफ्टवेअर काही तोंड उघडत नव्हतं.

पोरीचा चेहरा उन्हात विसरलेल्या कैरीसारखा झाला होता. कूलरमधलं पाणी संपलं होतं, तो नुसती गरम हवा फेकत होता, पण उठून पाणी भरायचं त्राण तिच्यात नव्हतं. माझ्यात तर नाहीच. माझ्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय.

मी विचारलं, अडतंय कुठे? ती थकल्या आवाजात सांगत गेली. सॉफ्टवेअरला त्या फाइलीत फक्त खर्च हवा, आणि इथे रोज सकाळी प्रत्येक ट्रकच्या नावावर पहिली ओळ एक रुपया जमेची. पांडुरंगरावाच्या वडिलांपासूनची रीत ही. दिवसाचं पहिलं लिखाण जमेचं, मगच खर्चाला हात लावायचा. वही गेली, मोबाइल आला, रीत राहिली. आता खर्चाच्या मोबाइलात जमेला जागा कुठून असणार? म्हणून ड्रायव्हर ‘उणे एक रुपया खर्च’ असं लिहितात आणि मग डिझेल भरायला जातात. त्या उण्यापाशी सॉफ्टवेअर अडून बसतं.

मग काढून टाक त्या ओळी, मी म्हटलं. तर म्हणे काढून पाहिल्या होत्या. पांडुरंगरावाला कळल्यावर फोनवरच तो असा तापला की जमेला हात लावशील तर काम आत्ताच बंद.

“आजी, अब नहीं हो रहा मुझसे,” ती म्हणाली. “जाऊ दे झाशीला. मला फक्त झोपायचंय.”

रडत असती तर मी ओरडले असते. रडतही नव्हती. मी म्हटलं, फोन लाव त्याला आणि दे इकडे.

“तू काही फेकणार नाहीस ना?”

“मी कधी फेकते?”

तिने फोन लावून दिला.

पांडुरंगरावाला मी तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखते. आधी त्याची शुगर विचारली, मग सुनेचं विचारलं, मग त्याला माझ्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली. सासरे दरबारच्या खजिन्यावर होते. खजिन्याला दार एकच. एका दसऱ्याला जमेचा हत्ती आत येत होता आणि त्याच वेळी खर्चाचा हत्ती बाहेर निघाला. दोघे दारात असे गच्च बसले की हलेनात. मागे कोण सरणार? एक सरकारकडे चाललेला, दुसरा सरकारच्या कामाला. दारातच त्यांना ऊस घातला, दारातच आंघोळी घातल्या. माहूत एकमेकांचे व्याही झाले, पण हत्ती सरेनात. शेवटी सासऱ्यांनी भिंत फोडून दुसरं दार केलं, तेव्हा कुठे खजिना मोकळा झाला.

पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते, त्यातून त्याचा आवाज आला.

“मावशी, तुमचे सासरे तर मास्तर होते ना? आमच्या बाबांना शिकवलंय त्यांनी.”

“मास्तर नंतर झाले. भिंत फोडली म्हणून ती नोकरी गेली.”

तो हसला, पण त्याचं हसणंही दिवसभराचं दमलेलं होतं. तेवढ्यात मी म्हटलं, “पांडुरंगा, घरात येणाऱ्या लक्ष्मीला तू जाणाऱ्यांच्या गर्दीत उभी करतोस. तिची फाइल वेगळी कर. खर्चाची वेगळी.”

“आणि आधी कुठली जाणार?”

“जमेची. रीत ती रीत.”

तेव्हा तो म्हणाला की जमा आधी जाणार असेल तर त्याची हरकत नाही. पण दर महिन्याला तशीच, आणि एकही रुपया गळता कामा नये.

यशश्रीने सगळ्या उण्याच्या ओळी उचलून दुसऱ्या फाइलीत नेल्या, उणे पुसलं आणि ती फाइल जमेच्या खात्यात पाठवली. गेली. मग खर्चाची पाठवली. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं, आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. तीही गेली.

मला वाटलं, आता नाचेल. तिने कॉम्प्युटर मिटला आणि तिथेच सोफ्यावर आडवी झाली. “काम राहिलं, आजी,” ती डोळे मिटून म्हणाली, “पर डबल हो गया.”

जरा वेळाने तिचा फोन वाजला, मी उचलला. पांडुरंगरावच. रुपया आता कुठे लिहायचा हे ड्रायव्हरांना तिनेच येऊन शिकवावं, सकाळी गाड्या सुटायच्या आत पडावावर पाठवा, म्हणत होता. तिला जरा फोन द्या.

मी म्हटलं, ती आंघोळीला गेलीय.

यशश्री माझ्यासमोर तोंड उघडं टाकून घोरत होती.

त्याने विचारलं, केव्हा येईल बाहेर?

म्हटलं, केस धुतेय, वेळ लागेल.