डेव्हिएशनवर घेतलेला कॉम्प्युटर

बबनराव चाकणच्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते आणि मार्चमध्ये रिटायर झाले. म्हणजे कागदोपत्री झाले. निगडीच्या घरात ते अजूनही भेंडीला व्हर्नियर लावून जाडी मोजत आणि इस्त्रीवाल्याकडे शर्ट रीवर्कला परत पाठवत. निरोपाच्या दिवशी शाल-नारळाबरोबर त्यांनी 'रिजेक्ट' छापलेल्या लाल पट्ट्यांचा आख्खा रोल मागून घेतला होता.

घरातला जुना कॉम्प्युटर मात्र लाल पट्टीची वाट न बघताच आटोपत आला होता. चालू केला की घरघरायचा आणि दहा मिनिटांत काळा पडायचा. आणि रविवारी तर वर्षालीचं डोहाळजेवण! लेक कॅनडात, सातवा महिना, डॉक्टरांनी विमानाला बंदी केलेली. बबनरावांच्या पत्नी सावित्रीबाईंनी ठरवलं होतं, लेकीला मोठ्या स्क्रीनवर बसवायचं, समोर ताट मांडायचं आणि सोसायटीतल्या बायका जमवून गाणी म्हणायची. तिच्या वाढदिवसाला मोबाइलवर हे करून पाहिलं होतं. मोबाइल हातोहात फिरला आणि वर्षालीने अर्धा वेळ छताचा पंखा बघितला.

बुधवारी बबनराव बस स्टँडजवळच्या फारूकच्या दुकानात गेले. कंपन्यांतले वापरलेले कॉम्प्युटर आणून, दुरुस्त करून तो वॉरंटीसकट विकायचा. माणूस सज्जन होता, तेच त्याला नडलं.

"यातले पाच काढ," बबनराव म्हणाले.

"पाच घेताय काका?" फारूकचा चेहरा उजळला.

"घेतोय एकच. सॅम्पलिंग पाचाचं."

पहिल्यावर अकरा मिलिमीटरचा ओरखडा निघाला. दुसऱ्याचा स्पेसबार बाकीच्या बटणांपेक्षा जास्त वाजत होता. तिसऱ्यात काहीच खोट सापडेना, म्हणून तो संशयित ठरला. चौथा-पाचवा त्याच लॉटमधले, म्हणून तेही गेले. पाचही डब्यांना लाल पट्ट्या लावून बबनराव फार दिवसांनी शीळ घालत घरी आले.

गुरुवारी फारूकने त्या पट्ट्या सोलून काढल्या. शुक्रवारी बबनरावांनी त्याबद्दल त्याला कंपनीच्या रिवाजाप्रमाणे मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का?' विचारलं आणि लेखी खुलासा मागितला. कमाल म्हणजे फारूकने तो दिलाही, दोन प्रतींत.

"आवं, मला लेकीचं तोंड बघायचंय, त्या डब्याचं न्हाई!" सावित्रीबाई कडाडल्या. "तुमच्या कंपनीत घेत्यात तसा डेव्हिएशनवर घ्या की!"

मालात थोडी खोट असली आणि गरज अगदी गळ्याशी आली, की मोठे साहेब सही करून तो तसाच घेतात, ते डेव्हिएशन. बबनरावांना तो शब्द शिवीसारखा लागायचा.

"एकतीस वर्षांत मी डेव्हिएशनवर एक बोल्ट सोडला नाही," ते म्हणाले आणि ताडताड बाहेर गेले.

सावित्रीबाईंनी फोन केला म्हणून रविवारी चार वाजता फारूक स्वतःच स्कूटरवर त्या पाचांतला तिसरा कॉम्प्युटर घेऊन आला. बबनरावांनी हॉलमध्ये पिवळ्या पट्टीचा चौकोन आखून ठेवला होता, त्यात त्याला तो ठेवायला लावला. फारूक वाकला, भिंतीच्या प्लगला टेस्टर लावला आणि खिशातून सोललेल्यांपैकी एक लाल पट्टी काढून प्लगशेजारी चिकटवली.

"अर्थिंग नाही काका. अशा ठिकाणी मी माल देऊ शकत नाही. रिजेक्ट."

आपलं घर नापास! बबनरावांना राग यायला हवा होता, पण ऊर भरून आला. इतकं चोख इन्स्पेक्शन त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. दोघंही जमिनीवर बसून अर्थिंग का नाही याच्या खुलाशाचा मसुदा करू लागले. तोवर हिरव्या साड्या नेसलेल्या वीस बायका दारात येऊन थांबल्या होत्या आणि वर्षालीशी ठरलेल्या पाचला पाच मिनिटं कमी होती.

"मिक्सरच्या प्लगला अर्थिंग हाय का?" सावित्रीबाईंनी फारूकला विचारलं.

त्याने जाऊन पाहिलं. "आहे, काकू."

"मग सैपाकघरात मांड."

फारूकने डबा उचलला, तर बबनराव इन्स्पेक्शन रिपोर्ट हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आडवे. "रिपोर्टवर सही नाही. माल आत जाणार नाही."

सावित्रीबाईंनी त्यांच्याच खिशातलं पेन उपसलं आणि रिपोर्टवर सही ठोकली. "घेतला डेव्हिएशनवर."

"तुला अधिकार नाही!"

"मला न्हाई तर कुनाला? चौतीस वर्सांमागं तुमी मला बघाया आलता. नोकरी न्हाई, एक कान वाकडा, आन् बोलनं हे आसं. आबा म्हनले, परत धाडू. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या. ती सही कुनाची हुती?"

बबनरावांचा हात आपसूक कानाकडे गेला आणि दार मोकळं झालं.

पाच वाजता मिक्सरशेजारी वर्षाली उगवली, चांगली ऐसपैस, पोटासकट. तिकडे सकाळ होती. "आई, पंखा नाही दिसत आज!" ती म्हणाली, आणि सावित्रीबाईंच्या डोळ्यांना धार लागली. बायकांनी गाणं धरलं. सगळ्यांच्या मागे फ्रिजला टेकून बबनराव लेकीकडे एकटक बघत होते. मध्येच सावित्रीबाई बर्फी घ्यायला फ्रिजकडे आल्या, तेव्हा बबनरावांनी हळूच विचारलं,

"मग मला फायनल ओके कधी दिलंस?"

"आजून कुठं दिलंय," त्या म्हणाल्या. "वापरून बघतीया."