दगडांचा खेळ

“हललास! तुझा अंगठा हलला!”

“मी नाही हललो, डास चावला!”

“हललेल्यांनी भिंतीशी बसा. बाकीचे दगड,” बाई म्हणाल्या आणि स्वतःही सतरंजीवर आडव्या झाल्या.

बालवाडीतला हा खेळ त्यांनीच काढलेला. डोळे मिटून दगड व्हायचं. हलला तो बाद, शेवटी उरेल त्याच्या कपाळावर सोनेरी कागदाची चांदणी. यानं मुलांचं चित्त स्थिर होतं, असं त्या पालकांना सांगत. होतही असेल. पण खरं सांगायचं तर रंगीत बटणं निवडून, मातीचे साप वळून, बेडूकउड्या मारून झाल्या की बाईंच्या अंगात त्राण म्हणून उरत नसे. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्रभर कूस बदलून द्या, पाणी पाजा. पहाटे डोळा लागतो न लागतो तोच गजर.

मागे एकदा खुर्चीत डुलकी लागली, तेव्हा बालवाडीच्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, “पुन्हा दिसलं तर माझा नाइलाज आहे हं.” बाईंना धास्ती होती ती नुसत्या पगाराची नव्हे. सकाळचे हे तास गेले, तर उरणार काय? औषधांचा वास मारणारी एक खोली आणि त्या दोघी.

नुसती पाठ टेकायची, झोपायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण झोप काय सांगून येते?

जाग आली ती कुजबुजीनं.

“शूऽऽ! बोलू नका ना! बाई जिंकतायत!”

सगळी मुलं बाद होऊन, तोंडावर बोट ठेवून भिंतीशी बसली होती. दारात मोठ्या बाई उभ्या, सोबत शाळा बघायला आलेलं एक जोडपं. एक चिमुरडी त्यांनाच दटावत होती. बाई धडपडत उठल्या.

“जिंकल्या! बाई जिंकल्या!” मुलांनी टाळ्या पिटल्या. चिमुरडीनं चांदणी आणून त्यांच्या कपाळावर थापली.

ऑफिसात मोठ्या बाई टेबलाकडेच बघत बोलत होत्या. “मुलांना तुम्ही जीव लावता, मला का दिसत नाही? पण त्या माणसांना मी काय सांगू? महिनाअखेरपर्यंत या. मग घरी जरा विश्रांती घ्या.”

विश्रांती! घरी! बाईंना हसावं की रडावं कळेना. वाद घालायचंही बळ नव्हतं. “बरं,” एवढंच त्या म्हणाल्या.

बाई घरी पोचल्या तेव्हा सासूबाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग सुनेकडे. “अगं, कपाळाला काय चिकटवलंयस हे?”

बाईंचा हात कपाळाकडे गेला. म्हणजे ऑफिसात, आणि अख्ख्या रस्त्यानं आपण अशाच आलो!

“बक्षीस मिळालं, आई.”

“कशाचं?”

“न हलल्याचं.”

सासूबाईंनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाल्या, “मग ते माझ्या हक्काचं की गं.”

कितीतरी दिवसांनी दोघी हसल्या. हसता हसता बाईंचे डोळे भरून आले. नोकरीचं सांगणं त्यांनी उद्यावर ढकललं. चांदणी अलगद सोडवली. डिंक वाळला होता. बोट ओलं करून त्यांनी ती सासूबाईंच्या कपाळावर लावली आणि पडू नये म्हणून अंगठा थोडा वेळ तसाच दाबून धरला.