मोहाखालचा जाळ

नागपूरला समुद्र नाही, म्हणून नागपूरकरांनी बोरडोहच्या तलावालाच समुद्र मानलं होतं. पारशिवनीच्या पुढं, जंगलाच्या कुशीतलं एवढंसं गाव, पण बहात्तरच्या दुष्काळातही त्याचं पाणी आटलं नाही. उन्हाळा लागला की रविवारी एसटी भरून माणसं यायची, नावेत बसायची, पाण्यात पाय सोडून गप्पा हाणायची. जेवायला मात्र सगळी प्रयागबाईच्या खानावळीत. तिच्या हातचा मासोळीचा रस्सा खाताना लोक नाक पुसायचे आणि पुन्हा वाढ म्हणायचे. तिचा नवरा नत्थू नाव वल्हवायचा.

गेल्या फाल्गुनात हे सगळं एका दुपारी जळालं. जंगलातून आग आली आणि वाऱ्यानं ती गावावर लोटली. नावा किनाऱ्यावरच कोळसा झाल्या. गोठ्यातली म्हैस सोडायला नत्थू आत शिरला. म्हैस वाचली, नत्थूचे हात गेले. नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यातून तो परतला तेव्हा बोटं तळहातात आकसलेली होती. तेव्हापासून प्रयागबाई त्याला घास भरवत होती.

आग कुठून आली ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मोहाची फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचा, म्हणजे मोकळ्या जमिनीवर फुलं सहज वेचता येतात, ही तिथली जुनी रीत. जंगलखात्याची मनाई होती, पण पोटाला मनाई कळत नाही. ज्याचं झाड त्यानंच जाळायचं. आधी भोवतीचा पाला झाडून काढायचा, मग जाळ लावायचा आणि राख थंड होईस्तोवर हातात ओली फांदी घेऊन तिथंच उभं राहायचं. त्या दुपारी पाण्याला जाताना प्रयागबाईला चंपतरावांच्या मोहाखाली पाला जळताना दिसला आणि जवळ चिटपाखरू नव्हतं.

चंपतराव पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देणारा माणूस, गावातला मातब्बर. प्रयागबाई नत्थूला घेऊन दवाखान्यात होती तेव्हा त्यानं गावात सांगून टाकलं की आग खानावळीतूनच लागली, तिथली चूल विझते कधी? चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. पण चोर खोल्यांचा मालक असला की त्याच्या बोंबेला वजन येतं. होरपळलेल्या लोकांना कुणाला तरी शिव्या घालायच्याच होत्या. ती परतून खरं सांगू लागली, तर आपलं पाप दुसऱ्यावर ढकलते म्हणून लोक हसले.

गाव पुन्हा उभं राहिलं. एकमेकांच्या घरांची आढी चढवायला सगळे एकमेकांकडं गेले, प्रयागबाईच्या दारी कुणी आलं नाही. तिनं माहेरचा भाऊ बोलावून, शेणामातीनं भिंती लिंपून खानावळ उभी केली. तोवर चंपतरावांच्या सिमेंटच्या खोल्यांना निळा रंगही लागला होता आणि पाहुण्यांचं जेवण तिथंच शिजू लागलं होतं. कुणी खानावळीकडं वळलं की त्याला सांगितलं जाई, तिकडं नका जाऊ, गाव जाळलं त्या बाईनं. प्रयागबाई ऐकायची आणि दात ओठ खायची. तिला भरपाई नको होती. सगळ्या गावासमोर या माणसाच्या तोंडून खरं निघालेलं तिला ऐकायचं होतं, आणि त्यापायी ती वर्षभर जळत राहिली.

पुन्हा फाल्गुन आला. लोकांनी भीतभीत का होईना, आपापल्या मोहाखालचा पाला जाळला. एके सकाळी प्रयागबाई पाण्याला निघाली आणि थबकली. सगळ्या झाडांखाली जमीन काळी होती. चंपतरावांच्या झाडाखाली मात्र सून खराट्यानं झाडत बसली होती आणि फुलं पाल्यात हरवत होती. प्रयागबाईनं घागर खाली ठेवली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. ती हसली, वर्षात पहिल्यांदाच.

त्या रविवारी पहिली भरलेली एसटी आली. जंगलाच्या कडेच्या निळ्या खोल्यांसमोर, त्याच मोहाजवळ, पाहुणे आणि गावकरी जमले होते. सरपंच रुपराव हार घेऊन उभे होते. प्रयागबाई खापरात चुलीतले निखारे घेऊन गर्दीतून सरळ चंपतरावांसमोर गेली.

"घ्या चंपतराव. माह्या चुलीतली आग हाये. तुमच्या मोहाखाली लावा."

चंपतराव म्हणाला, "आमी झाडून राहिलो ना. जाळाची काय गरज?"

"साऱ्या गावानं जाळलं. तुमीच काहून झाडून राहिले? मागच्या साली आग माह्या चुलीतून निंघाली, तर तुमाले तुमच्याच झाडाचं भेव काहून?"

रुपरावांनी हातातला हार खाली केला आणि म्हणाले, "लाव ना गा चंपत. त्यात काय हाये?"

चंपतरावानं खापराकडं हात नेला. खापराला लावायच्या आधीच तो मागं घेतला आणि मोहाच्या बुंध्याशी खाली बसला.

"पाहुण्याईची गाडी आली होती," तो म्हणाला. "मले वाटलं, विझलं असन."

मग काय, कालपर्यंत त्याची री ओढणारेच त्याच्यावर तुटून पडले. याला वाळीत टाका, गावातून काढा. रुपरावांनी प्रयागबाईपुढं हात जोडले. पण तिचा राग निवला नाही. हे जोडलेले हात तिच्या घराचं आढं चढवायला आले नव्हते.

"काढू नका याले," ती म्हणाली. "हा हिंगण्याले दुसऱ्या पोराकडं जाईन अन् सुखानं झोपन. हा इथंच राहीन. दर साली याच्या मोहाखाली मी जाळ लावीन, अन् हा राखन करीन."

तिनं त्याच्याच हातून भोवती जमीन झाडून घेतली, निखारे पाल्यावर ओतले आणि ओली फांदी त्याच्या हातात दिली. नागपूरचे पाहुणे बघत राहिले. मग एकेक जण उठून खानावळीकडं चालू लागला. गावकरीही आले. त्यांना तिनं सगळ्यात शेवटच्या पंगतीला बसवलं.

सूर्य तळ्यात उतरला तेव्हा ती नत्थूला उंबऱ्यावर घेऊन बसली. तिथून मोह दिसत होता आणि त्याखाली फांदी धरून वाकलेला चंपतरावही.

"राख कवाची थंडी झाली असन वं," नत्थू म्हणाला. "सोड आता त्याले."

प्रयागबाईनं भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, त्याच्या तोंडात घातला आणि पदरानं त्याची हनुवटी पुसली.

"तुमची बोटं सरळ झाली का?"

नत्थू घास चावत राहिला.

"मंग उभा राहू द्या त्याले."