सावलीची कड

रफूगाराच्या बायकोने जाताना मागे दोनच गोष्टी ठेवल्या: सात ऑर्किडं आणि एक नियम. ऑर्किडंही कसली, तर बघायला भिंग घ्यावं लागेल अशी. अंड्याच्या कवचाएवढ्या कुंड्या, नखाएवढी पानं, आणि फूल आलंच तर शर्टाच्या बटणाएवढं. "एवढ्याशासाठी एवढा जीव टाकायचा?" असं तो तिला चिडवायचा. "तुम्ही नाही का एका धाग्यापायी अख्खी दुपार घालवत?" ती म्हणायची. ते खरंच होतं.

नियम तिने दवाखान्यातल्या खाटेवरून शिकवला. "पानाच्या वर वीतभर हात धरायचा. सावलीची कड सुरीसारखी उमटली तर ऊन जास्त. कुंडी मागे घ्यायची, पडदा ओढायचा. सावलीच पडली नाही तर ऊन कमी. काचेकडे सरकवायची. कड धुरकट दिसली की समजायचं, अगदी बरोबर. आणि पानाला गाल लावून बघायचं. गार लागलं पाहिजे."

"बोटाने बघितलं तर?"

"तुमची बोटं कसली हो? सुया टोचून टोचून चामडं झालंय त्यांचं. गालच लावा." मग थोडा दम घेऊन ती म्हणाली, "सातातलं एक तरी जगवा. मला तेवढं पुरे."

त्याने शब्द दिला. दोन दिवसांनी ती गेली.

आता, साठीला आलेल्या माणसाने खिडकीत वाकून पानाला गाल लावायचा, हे काही त्याच्याने झालं नाही. समोरच्या इमारतीतलं कुणी बघेल, अशी लाज वाटली. पण हात मात्र रोज धरला. सकाळी आठला एकदा, दुपारी बाराला एकदा, डोळ्यांत तेल घालून. सुरुवातीला कड छान धुरकट दिसे. तिच्या फोटोकडे बघून तो म्हणे, "बघ, जमतंय मला." मग महिन्या-दोन महिन्यांत सावली फिकी व्हायला लागली. ऊन कमी पडतंय, असं ठरवून त्याने कुंड्या चार बोटं पुढे सरकवल्या. मग आणखी चार. मग पातळ पडदाच काढून घडी घालून ट्रंकेत ठेवला. शेवटी कुंड्या काचेला जाऊन टेकल्या.

पहिल्या झाडाच्या पानांवर पांढरट डाग पडले, ते तपकिरी झाले आणि पान कागदासारखं वाजायला लागलं. पाणी बाधलं, तो म्हणाला. दुसरं गेलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाईंशी कडाक्याचं भांडण झालं, कारण त्यांच्या ओल्या चादरी म्हणे याचं ऊन अडवत होत्या. बिचाऱ्या बाईंनी दोरी काढून घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. प्रत्येक वेळी तो कुंडी धुवून खिडकीतच पालथी घालायचा आणि उरलेली आणखी मन लावून जपायचा.

त्याच सुमारास, त्याला रफूची कामं आणून देणाऱ्या लाँड्रीवाल्याकडून दोन कोट परत आले. गिऱ्हाइकाला म्हणे रफू दिसत होता! चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. या धंद्यात काम दिसलं की माणूस संपला. "गिऱ्हाइकाच्याच डोळ्यांत दोष असणार," असं त्याने लाँड्रीवाल्याला सुनावलं.

वर्ष सरत आलं तेव्हा एका रविवारी, बऱ्याच महिन्यांनी मुलगी आली. आल्या आल्या खिडकीशी गेली आणि थबकली. "बाबा, एकच उरलं?"

"काय करू? ऊनच नाही या खिडकीला. तुझ्या आईच्या वेळी होतं."

"ऊन नाही? अहो, काच हाताला चटके देतेय." तिने आईसारखाच कुंडीवर हात धरला. "केवढी धारदार सावली आहे. सुरीसारखी."

"काहीतरीच. धुरकट तर आहे. नीट बघ."

हात तसाच उन्हात धरून तिने विचारलं, "सावलीत बोटं किती दिसतायत?"

"पाच," तो हसत म्हणाला. हाताला बोटं पाचच असतात, त्यात बघायचं काय.

तिने दोन बोटं मिटून घेतली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, यंत्रातून खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पडदा खराब झालाय. मधला भागच झिजलाय."

रफूगाराला उगाचच हुशारी वाटली. "मग रफू करा की. सुया मी आणतो."

डॉक्टर हसले नाहीत. "हा पडदा बदलता येत नाही, शिवताही येत नाही. गेलं ते गेलं. उरलंय ते किती टिकेल सांगवत नाही. वर्षभर आधी आला असतात तर..."

वर्षभर. घरी येईपर्यंत तो तेवढाच शब्द घोळवत होता.

"तुझ्या आईची झाडं मी जाळली," खुर्चीत बसल्यावर तो मुलीला म्हणाला. "एकेक करून. माझ्या या हातांनी."

"तुम्हाला दिसत नव्हतं, बाबा."

"ती झाडं सांगत होती ना! सहा वेळा सांगितलं. मी त्या वरच्या बाईंशी भांडत बसलो."

तो उठला, चाचपडत खिडकीशी गेला आणि उरलेल्या झाडाच्या पानाला त्याने गाल लावला. मुलगी बघत होती, पण आता लाज कुठली. पान नुकत्याच इस्त्री केलेल्या कॉलरसारखं गरम होतं. त्याला रडू फुटलं. वर्षभरात एकदा, फक्त एकदा गाल लावला असता, तर सातही राहिली असती.

"हे तू ने," तो म्हणाला. "माझ्या हाताखाली नको ठेवूस."

मुलीने बुटांच्या खोक्यात जुनी वर्तमानपत्रं चुरगळून कुंडी बसवली. तीन पानांपैकी दोन डागाळली होती. "जगेल, बाबा," ती म्हणाली. तो आवाज त्याने लगेच ओळखला. दवाखान्यात याच आवाजात तो बायकोला सांगायचा, की तू बरी होशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो सवयीने खिडकीशी आला. तिथे आता सहा पालथ्या कुंड्या होत्या आणि सातवीच्या जागी एक खरखरीत गोल डाग, तोही त्याला दिसला नाही, बोटांना लागला. ऊन चेहरा भाजत होतं. त्याने रिकाम्या जागेवर वीतभर वर हात धरला आणि वाकून पाहिलं.

कड धुरकट होती. तिने सांगितलं होतं तशी, अगदी बरोबर.