अर्लोचा पहिला फटका

तेरा वर्षांत अकरा गावं! माझा नवरा अर्लो बेसबॉलमधला राखीव कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा; उमेदीची सगळी वर्षं खालच्या लीगमध्ये घालवलेला. आज आयोवा, उद्या टेनेसी. पडदे लावून होतात न होतात तोच पुन्हा खोकी बांधायची. वैताग नुसता! मोठ्या लीगमध्ये एक तरी फटका मारायचा आणि मगच बॅट खाली ठेवायची, असा त्याचा हट्ट. त्या एका फटक्याची वाट बघून माझे केस पिकायला लागले होते.

ऑगस्टमध्ये मोठ्या टीमच्या कॅचरचा अंगठा सुजला आणि अर्लोला चार दिवसांसाठी वर बोलावलं. तीन दिवस तो बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. चौथ्या दुपारी, नऊपैकी आठव्या डावात, एकदाची बॅट हातात आली.

फटका तरी कसला! चेंडू बॅटच्या टोकाला लागला आणि तिसऱ्या बेसवर उभ्या खेळाडूच्या डोक्यावरून जाऊन टपकन मागे पडला. अर्लो पहिल्या बेसवर पोचला. चेंडू मारून आऊट न होता पहिला बेस गाठला की फटका मोजतात. झाला फटका! मी प्रेक्षकांत खुर्चीवर चढून किंचाळले. पण हा शहाणा थांबतोय कुठला? छत्तीस वर्षांचे गुडघे घेऊन दुसऱ्या बेसकडे सुटला आणि दहा पावलं आधीच आऊट झाला. फटका मात्र मोजला गेला.

तो डावातला तिसरा आऊट होता, म्हणजे आमची पाळी संपली. तिसऱ्या आऊटचा चेंडू परत जाता जाता गर्दीत भिरकावायची खेळाडूंना सवयच असते. कुणाच्या पहिल्या फटक्याचा चेंडू असेल, तर तो त्याला परत द्यायचा. पण एवढ्या घोड्याचा हा पहिला फटका असेल, हे त्या पोरांच्या डोक्यात येणार कसं? भिरकावला! मी धावत सुटले. पाचव्या रांगेत एक आजी तो चेंडू छातीशी धरून बसली होती.

"आजी, चेंडू द्या ना. माझ्या नवऱ्याचा पहिला फटका आहे."

"तो धापा टाकत होता तो? दुसऱ्या बेसकडे कशाला मरायला पळाला?"

"ते मी विचारते त्याला. आधी चेंडू द्या."

"एकेचाळीस वर्षं येतेय इथे. आज पहिल्यांदा हाताला लागलाय. अजिबात देणार नाही."

"आणि आम्ही तेरा वर्षं..." मला रडूच कोसळलं.

आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तेरा वर्षं? आणि सोडून नाही गेलीस त्याला?"

"सामान कायम बांधलेलंच होतं. तरी नाही गेले."

आजी हसली. चेंडू माझ्या हातात कोंबून म्हणाली, "जा पोरी. चांगली वेडी आहेस."

मॅच संपल्यावर अर्लो बॅग घेऊन स्टेडियमच्या दारात आला. उद्या परत खालच्या लीगमध्ये जायचं होतं. मी चेंडू दिला. त्याने तो बोटांत फिरवला आणि हसता हसता ढसाढसा रडला.

"झालं गं, मार्ला. आता कायमचं घरी जाऊ."

तेरा वर्षं मला हेच ऐकायचं होतं.

"घरी काय घरी? अजून महिनाभर सीझन आहे," मी खेकसले. "आणि पुढच्या फटक्याचा चेंडू मी हा चेंडू देणाऱ्या आजीला कबूल करून आलेय."