काउंट पॉन्सचा शिक्का

मी शिक्का बोलतोय, नदीच्या तळातून. दोन दगडांच्या फटीत असा रुतलोय, की कूस बदलायचीही सोय नाही.

मी पितळेचा, तळहातात मावणारा. पॉन्स बापामागे या खोऱ्याचा काउंट झाला, त्याच आठवड्यात मला घडवलं. माझ्यावर घोड्यावर बसलेला तोच कोरलाय. त्याला लिहिता येत नसे. पाद्री फर्मान वाचून दाखवी, पॉन्स मला गरम मेणात दाबी, की तो शब्द पक्का.

फार भला होता असं नाही म्हणणार. तापट होता, रागाच्या भरात शेजाऱ्याचं एक गाव त्यानं जाळलं. पण एका उपासमारीच्या हिवाळ्यात वरच्या गावांना त्यानं जंगल मोकळं करून दिलं. लाकूड न्या, मध काढा, डुकरं चारा. त्यावर माझा ठसा होता आणि तो शब्द त्यानं बावीस वर्षं पाळला.

मग एका सकाळी घोड्यावर चढताना त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचाही गेली. धाकटा भाऊ दालमाऊ सेवेला म्हणून आला, तो हललाच नाही. पॉन्स बुरुजातल्या खोलीत कोंडला गेला आणि मी साखळीनं दालमाऊच्या गळ्यात.

पण ठसा काउंटच्याच हातचा लागतो, तोही साक्षीदारांदेखत. म्हणून दालमाऊ मला पॉन्सच्या डाव्या हातात द्यायचा आणि वरून दाबायचा. कुरणं दालमाऊच्या नावावर गेली, गिरणी गेली. पॉन्स नुसता बघत राहायचा.

शेवटी जंगल परत घ्यायचा कागद आला. त्या सकाळी पॉन्सच्या बायकोनं, गार्सेंदानं, त्याची खुर्ची खिडकीशी ओढली.

"वहिनी, गारठा आहे," दालमाऊ म्हणाला.

"त्यांना धाप लागते, भावोजी. दार तर तुम्ही बंदच ठेवता."

दोन साक्षीदार कुजबुजत होते, की दाबतो तर दालमाऊच. दालमाऊनं ते ऐकलं. "बघा, दादा स्वतःच्या हातानं करतोय," म्हणत त्यानं आपला हात काढून घेतला.

पॉन्सची मूठ मिटली. इतकं घट्ट त्यानं मला कधीच धरलं नव्हतं. पुढच्या क्षणी मी खिडकीबाहेर होतो आणि खाली नदी.

पुढचं मला धुणं धुणाऱ्या बायकांकडून कळलं. दालमाऊ ओरडला, "नवा शिक्का घडवा."

म्हातारा पाद्री म्हणाला, "त्याला काउंटच्या तोंडचा हुकूम लागतो, धनी. आणि ते बोलत नाहीत."

दालमाऊनं खिडकीला फळ्या ठोकल्या. त्या अंधारात पॉन्स दोन हिवाळे जगला. ते दोन हिवाळे लोकांनी लाकडाच्या मोळ्या माझ्या डोक्यावरून, नदीच्या उथळ उतारातून नेल्या. मग तो गेला, दालमाऊ काउंट झाला, त्याचा शिक्का आला आणि जंगल बंद झालं.

मी इथंच आहे. बाहेर यावंसं वाटतं, खोटं कशाला बोलू. ज्याच्या हाती लागेन त्यानं मला वितळवावं. पळी करावी, बकरीच्या गळ्यातली घंटा करावी. पुन्हा शिक्का मात्र करू नये.